समाधानाचा शोध: अमळनेर आणि आसोदे

अमळनेरचे कापडगिरणीमालक मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रताप शेठ यांनी १९१६ साली गावात तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था उभारली. अभ्यासाचा गाभा वेदान्त. आनंद हे आत्म्याचे स्वरूपच आहे, तो बाहेरून आणावा लागत नाही, अज्ञान गेले की उरतो तो आनंदच, हे वेदान्ताचे म्हणणे तिथे कसून तपासले जाई. १९२५पासून इथूनच इंग्रजीत तत्त्वज्ञानाचे त्रैमासिक निघू लागले. पुढे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे बंगाली तत्त्वज्ञ इथे संचालक होऊन आले. तालुक्याच्या गावाला याहून मोठे भूषण कोणते!

साने गुरुजी याच मंदिरात अभ्यासाला आले, पण फार काळ रमले नाहीत. १९२४ साली ते प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि छात्रालयातल्या मुलांची अंथरुणेसुद्धा स्वतः आवरू लागले. पुढे गिरणी कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या लढ्यात उतरले. त्यांचे हे वळण मला फार मोलाचे वाटते. आत्मानंदाची चर्चा खोटी नव्हे. पण उपाशी माणसाला ‘आहे त्यात समाधान मान’ म्हणणे हा अन्यायच.

खानदेशात गावाकडे सुखाचा हिशेब आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला लागतो. पाणी भरलेल्या घागरीवर खरबूज, सांजोऱ्या आणि आंबे ठेवून पितरांना नैवेद्य दाखवतात. माहेरी आलेल्या लेकी निंबाला झोका बांधून गाणी म्हणतात. सासरचा जाच, भावाची माया, सगळे त्या गाण्यांत येते. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, सालही आखाजीलाच संपते आणि नवे ठरते. गडी मागचा हिशेब चुकता करून घेतो, पुढच्या सालाचे धान्य-पैसे बोलून घेतो. घासाघीस होते, मग पुरणपोळी आणि रस. सणाचा आनंद आणि मजुरीचा वाद एकाच दिवशी, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

जळगावजवळच्या आसोद्याला १८८०मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी याच जगातल्या. अक्षरओळख नाही, तरुणपणीच वैधव्य. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांना लेवा बोलीत ओव्या सुचत. चुलीवर हात पोळल्याशिवाय भाकर मिळत नाही हे त्या सांगतात, पण त्यासाठी नशिबाला दोष देत नाहीत आणि चटका लागलाच नाही असेही म्हणत नाहीत. मुलगा सोपानदेव यांनी त्या ओव्या उतरवून ठेवल्या होत्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि पुस्तक १९५२मध्ये छापून आले.