पोस्ट-क्वांटम क्रिप्टोग्राफी

पुरेसा ताकदवान क्वांटम संगणक (अतिसूक्ष्म कणांच्या नियमांवर गणित करणारे यंत्र) उद्या तयार झाला, तरी त्यालाही फोडता येऊ नयेत अशा बेताने रचलेल्या कूटलेखन पद्धतींना पोस्ट-क्वांटम क्रिप्टोग्राफी म्हणतात. नावामुळे गैरसमज होतो, पण या पद्धतींना क्वांटम यंत्र लागत नाही. त्या आपल्या नेहमीच्या फोनवर चालतात.

इंटरनेटवर दोन यंत्रे आधी एक गुप्त किल्ली ठरवतात आणि मग तिने मजकूर कुलूपबंद करतात. किल्ली ठरवण्याचे काम अनेक वर्षे डिफी-हेलमन (१९७६) आणि आरएसए (१९७७) यांच्या घराण्यातल्या पद्धतींवर सोपवलेले होते. त्यामागची गणिती कोडी, उदाहरणार्थ प्रचंड संख्येचे मूळ अवयव काढणे, साध्या संगणकाच्या आवाक्याबाहेरची आहेत. १९९४ साली बेल लॅब्जमधील पीटर शोर यांनी क्वांटम संगणकाला ही कोडी झटपट सोडवता येतील अशी रीत मांडली. ठरलेल्या किल्लीने मजकूर बंद करणाऱ्या एईएस या पद्धतीला मात्र तेवढा धोका नाही. २५६ बिटांची किल्ली वापरली की ते पुरेसे सुरक्षित मानले जाते.

आरएसए फोडू शकेल असा संगणक आज अस्तित्वात नाही, मग घाई कशाला? कारण चोराला थांबायची तयारी असते. जाता-येता पकडलेला कूटबद्ध मजकूर आज साठवून ठेवायचा आणि यंत्र हाती आले की उलगडायचा, हा खरा धोका आहे. क्रेडिट कार्डाचा क्रमांक बदलून घेता येतो. जनुकीय तपासणीचा अहवाल जन्मभर तोच राहतो, आणि त्यात मुलाबाळांचीही माहिती असते. एकदा नेलेली पेटी नंतर घराचे कुलूप बदलून परत येत नाही. म्हणून ज्या माहितीला वीस-तीस वर्षे गुप्त राहायचे आहे तिचे संरक्षण आधी बदलले पाहिजे.

अमेरिकेच्या निस्ट या प्रमाण संस्थेने २०१६ मध्ये जगभरातून प्रस्ताव मागवले आणि १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन प्रमाणे जाहीर केली: किल्ली ठरवण्यासाठी एमएल-केईएम, डिजिटल स्वाक्षरीसाठी एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए. पहिल्या दोन्हींचा पाया जाळीच्या गणिताचा आहे: शेकडो मितींच्या बिंदुजाळीत थोडी चूक मिसळलेल्या समीकरणांतून मूळ उत्तर शोधणे. तिसरी फक्त हॅश फलनांवर, म्हणजे कोणत्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा, उलटा न फिरवता येणारा ठसा काढणाऱ्या सूत्रांवर, उभी आहे.

निस्टच्या निवडीच्या चौथ्या फेरीत पोचलेली साइक ही किल्ली ठरवण्याची पद्धत २०२२ मध्ये बेल्जियममधील वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी साध्या संगणकाच्या एकाच कोअरवर सुमारे तासाभरात फोडली. क्वांटम यंत्राची गरजही पडली नाही. ही घटना विसरता कामा नये. नवे गणित अजून पुरते मुरलेले नाही, म्हणून सध्या जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धतींनी मिळून एकच किल्ली बनवतात; एक ढासळली तरी दुसरी उभी राहते. सिग्नल या संदेश ॲपने २०२३ मध्ये असाच जोड स्वीकारला.

अडचण आकाराची आहे. एक्स२५५१९ या प्रचलित पद्धतीत ब्राउझर ३२ बाइटची सार्वजनिक किल्ली (गुप्त किल्ली ठरवण्यासाठी उघडपणे पाठवायचा भाग) पाठवतो. एमएल-केईएम-७६८ ची किल्ली ११८४ बाइटची असते. नेटवर्कच्या एका पाकिटात साधारण १५०० बाइट मावतात. त्यामुळे सर्व्हरला केलेला पहिलाच नमस्कार बऱ्याचदा दोन पाकिटांत विभागला जातो, आणि तो एकाच पाकिटात येईल असे गृहीत धरणारी जुनी उपकरणे तिथेच अडखळतात.