कुटाराच्या खोलीतल्या टू-स्ट्रोक गाड्या: हा नाद आला कुठून

सध्या आमच्या अमरावती-यवतमाळकडे जुन्या टू-स्ट्रोक गाड्या, म्हणजे पिस्टनच्या एका वर-खाली चकरेतच पेट्रोल जाळणाऱ्या इंजिनाच्या मोटरसायकली, शोधणारे पोट्टे गावोगावी दिसतात. कोणाच्या कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, खोलीत येझदी पडली आहे, कोणाच्या गोठ्यात राजदूत आहे, कोणत्या मास्तरांनी यामाहाची आरएक्स १०० अजून विकली नाही, सगळी खबर असते त्यांना. गाडी घरी आणतात, ओसरीतच इंजिन खोलतात, आणि घरचे म्हणतात हे कबाड काहून आणलं. पण या कबाडामागे लय मोठा इतिहास आहे आणि तो माहीत असला की गाडी खोलताना हातसुद्धा जपून चालतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे टू-स्ट्रोक मोटरसायकल रुजली ती १९६० च्या दशकात. बाहेरच्या गाड्यांच्या आयातीवर बंधनं होती, त्यामुळे परवाना घेऊन इथंच बनवायचं असं धोरण होतं. म्हैसूरला आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून झेकोस्लोव्हाकियाची जावा २५० बनवायला घेतली, तीच पुढे येझदी झाली, आणि त्याच सुमारास एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत १७५ काढली. दोन्ही गाड्या दणकट, खराब रस्त्याच्या. आमच्याकडे त्या घुसल्या त्या कापसाच्या जोरावर. १९७२ ला कापूस एकाधिकार योजना आली, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच घ्यायचा, त्याचा चुकारा (पैसे) हप्त्याहप्त्यानं का होईना पण सरकारकडून मिळायचा, आणि ज्याच्या वावरात बरं पिकलं त्याच्या दारात राजदूत उभी राहायची. दूधवाले, ग्रामसेवक, शाळेवर जाणारे मास्तर, सगळ्यांची तीच गाडी, पांदणीतून चिखल तुडवत जाणारी.

ती गावात टिकली कारण ती गावात दुरुस्त व्हायची. टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. सिलेंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि पिस्टन वरखाली जाताना स्वतःच त्या उघडतो नि झाकतो. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. चार पाने, एक प्लग पाना आणि डोकं चालणारा मिस्त्री असला की भागायचं.

आता स्पोर्ट गाड्यांकडे येतो, कारण खरी गंमत तिथं आहे. पोर्ट उघडे असताना ताजं पेट्रोल जळायच्या आधीच सायलेन्सरमधून निघून जातं ही टू-स्ट्रोकची जुनी खोड. पूर्व जर्मनीत चोपाउ गावी एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन नावाचे इंजिनिअर होते, त्यांनी १९५० च्या दशकात सायलेन्सरचा आकारच असा बसवला, आधी फुगत जाणारा आणि मग निमुळता, की धुराच्या दाबाची लाट त्या निमुळत्या भागावर आपटून परत फिरते आणि बाहेर निघालेलं पेट्रोल पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते. पंपाशिवाय, एका पत्र्याच्या आकारानं इंजिनाची ताकद कुठल्या कुठे गेली. १९६१ ला स्वीडनच्या शर्यतीतून त्यांचा रायडर अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळून गेला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि १९६२ ला सुझुकीनं ५० सीसीची जागतिक स्पर्धा जिंकली, रायडर तोच डेगनर. एमझेडची विद्या जपानला पोचली ती अशी.

यामाहा तर त्याच्याही आधीपासून टू-स्ट्रोकवरच उभी होती, १९५५ ची त्यांची पहिली गाडी जर्मन डीकेडब्ल्यू कंपनीच्या गाडीच्या नमुन्यावर बेतलेली. तिथून १९७३ ला आरडी ३५० आली. ३४७ सीसी, दोन सिलेंडर, सहा गिअर, आणि रीड व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत घेऊन परत जाऊ न देणारी पातळ पात्यांची झडप; फोर-स्ट्रोकसारखा कॅमशाफ्टवरचा व्हॉल्व्ह नाही. तीच एस्कॉर्ट्सने १९८३ ला राजदूत ३५० म्हणून इथं आणली, ताकद कमी करून आणि पुढची डिस्क काढून ड्रम ब्रेक लावून. जपानी गाडी ३९ हॉर्सपॉवरची, आपली सुरुवातीची ३०.५ ची, आणि नंतर मायलेजसाठी अजून उतरवून २७ च्या आसपास. तरी त्या काळात तिच्यापुढे रस्त्यावर कोणी नव्हतं. पण पेट्रोल पिणारी गाडी, पार्ट महाग, शेतकऱ्याच्या घरात ती फार चाललीच नाही, दशक संपता संपता बंद पडली.

चालली ती आरएक्स १००. १९८५ ला आली, ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजनाला शंभर किलोच्या आसपास. आमच्या पिढीनं वेग म्हणजे काय ते तिच्यावर पाहिलं. आणि त्याच वर्षी हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली, तिच्या मायलेजपुढे टू-स्ट्रोकचा हिशोब हळूहळू तोट्यात गेला. वर प्रदूषणाचे नियम. १९९६ ला ते कडक झाले, २००० ला अजून, आणि ज्या इंजिनात ऑइल जळतं नि कच्चं पेट्रोल बाहेर जातं ते त्यात बसवणं अवघड होत गेलं. १९९६ ला आरएक्स १०० बंद झाली, म्हैसूरचा येझदीचा कारखानाही त्याच वर्षी थांबला. आरएक्स १३५ मात्र २००५ पर्यंत निघत होती.

शहरात जागा नाही म्हणून जुन्या गाड्या कबाडीकडे गेल्या. आमच्याकडे गोठ्यात जागा होती, भंगारात येऊन येऊन किती येणार म्हणून कोणी विकल्या नाहीत, आणि पावसाळा सोडला तर हवा कोरडी, त्यामुळे कोकणासारखा गंज नाही. आज जे सापडतं ते याच्यामुळे.

आता गोठ्यातून काढलेल्या गाडीला लगेच किक मारू नका. आमच्या तालुक्याचे एक जुने मिस्त्री पोट्ट्यांना एकच सांगतात, "आंधी सील पाय रे बाप्पा, मंग किक मार." टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे सिलेंडरखालच्या क्रँकच्या डब्यात, जातं, तिथं दाबलं जातं आणि मग वर चढतं, म्हणून क्रँकच्या दोन्ही बाजूचे ऑइल सील हवाबंद पाहिजेत. वीस वर्षं उभ्या गाडीचं हे रबर कडक होतं, हात लावला तर नखानं तुकडा निघतो. त्यातून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. शे-दोनशेच्या सीलसाठी ओरिजिनल बोर, म्हणजे सिलेंडरचं आतलं भोक, गमावू नका. एकदा ओरखडा पडला की बोर पाव-पाव मिलिमीटर वाढवत जायचं, सहसा एक मिलिमीटरपर्यंत, त्यापुढे नवीन स्लीव्ह, म्हणजे सिलेंडरच्या आतलं अस्तर.

आणि सायलेन्सर कापू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आवाज मोठा यावा म्हणून आतली नळी काढतात, शेपूट छाटतात, आणि मग म्हणतात गाडी पहिल्यासारखी पळत नाही. कशी पळेल, त्या लाटेचं सगळं गणित त्या पत्र्यात आहे. गंजला असेल तर वेल्डिंग करा, पण माप तेच ठेवा.

शेवटी कागद. बहुतेक आरसी बुक वारलेल्या वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या नावावर असतं, तेव्हा पैसे देण्याआधी वारसांच्या सह्या घ्या आणि चेसिस नंबर पेन्सिलनं छापून आरसीशी जुळवून पाहा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते, पर्यावरण करही लागतो. २०२१ च्या नियमानं ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण तिची फी २०,००० रुपये आणि ती गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला जाणं एवढंच. साठ-सत्तरच्या दशकातल्या जावाला हे जमेल, १९८३ च्या राजदूत ३५० ला २०३३ पर्यंत थांबावं लागेल. ज्याला वावरात जायला गाडी चालवायची आहे त्यानं साधी नोंदणीच वाढवून घ्यावी.