निरंक अहवाल (सार्वजनिक आरोग्य)

ठरलेल्या मुदतीत एखाद्या रोगाचा एकही रुग्ण आढळला नाही, असे लेखी कळवणारा अहवाल. रुग्ण असले तर आकडा द्यायचा आणि नसले तर गप्प बसायचे, अशी मुभा रोग-सर्वेक्षणात नसते. ‘नाही’ हेदेखील वेळेवर आणि सहीनिशी कळवावे लागते. खेड्यातल्या उपकेंद्रापासून जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयापर्यंत आरोग्याची जी माहिती जाते, तिच्यात बहुतेक आठवड्यांत बहुतेक ठिकाणांहून निघणारी नोंद हीच असते.

‘निरंक’ हा संस्कृत वळणाचा शब्द आहे: निर् अधिक अंक, म्हणजे ज्यात अंक नाही तो. मराठवाड्यातल्या कचेऱ्यांत दप्तर, तक्ता, तारीख, रजा हे शब्द फारसीच्या वाटेने आले, पण हा त्यांतला नव्हे. शब्दशः पाहिले तर निरंक म्हणजे कोरा, पण सरकारी मराठीत त्याचा अर्थ ‘शून्य’ असा रुळला. कोरा रकाना आणि शून्य लिहिलेला रकाना यांत फरक आहे. पहिल्यात कोणी काही सांगितलेलेच नसते. दुसऱ्यात कोणीतरी पाहून आले आणि काही नव्हते असे सांगितलेले असते. माहिती व्यवस्थापनाचे निम्मे काम हा फरक ओळखण्याचे आहे. शब्दानेच दोन्ही अर्थ पोटात ठेवावेत हा योगायोग गमतीचा खरा, पण काम करणाऱ्यांना तो महागात पडतो.

गावपातळीवरची रीत

मराठवाड्यातल्या छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड या आठही जिल्ह्यांत अहवालाची वाट सारखीच आहे: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा, राज्य. सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाने तीन फॉर्म ठरवून दिले. ‘एस’ फॉर्म आरोग्यसेविका किंवा आरोग्यसेवक लक्षणांवरून भरतात, ‘पी’ डॉक्टर आपल्या निदानावरून आणि ‘एल’ प्रयोगशाळा तपासणीवरून. आठवडा सोमवार ते रविवार असा धरला जाई. आता हेच काम एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर, म्हणजे सगळे ज्याला ‘आयएचआयपी’ म्हणतात त्यावर, मोबाईल-टॅबवरून रोजच्या रोज करायचे असते.

कागदाच्या काळात आठवडा बदलला की फोन सुरू होत. ते सर्वसाधारणपणे असे चालत:

‘सिस्टर, तुमच्या उपकेंद्राचा रिपोर्ट आला नाही अजून.’
‘सर, ह्या आठवड्यात काहीच निघालं नाही.’
‘मग निरंक द्या की. वर टक्केवारी पडायली आपली.’
‘देते सर. पण दोन वस्त्यांवर जायचं राहिलंय.’

फॉर्मात ‘जायचे राहिले’ असा रकाना नव्हता. संध्याकाळपर्यंत निरंक पोचे, तालुक्याची टक्केवारी शंभर होई, आणि त्या दोन वस्त्या मुकाट्याने शून्यात जमा होत. दोष सिस्टरचा म्हणता येत नाही. अहवाल आला की नाही आणि वेळेवर आला की नाही, हे दोनच प्रश्न वरून विचारले जात असतील, तर उत्तरेही तेवढ्यांचीच मिळतात.

संगणकातला शून्य

संगणक आल्याने हा घोळ मिटेल असे वाटले होते, पण त्याने फक्त रूप पालटले. एक्सेलच्या तक्त्यात कोरा चौकोन, शून्य, आडवी रेघ आणि ‘निरंक’ हा शब्द, असे चार प्रकार एकाच स्तंभात सापडतात. सरासरी काढताना कोरा चौकोन मोजला जात नाही, शून्य मात्र मोजला जातो. ‘निरंक’ ही तर अक्षरे, ती गणितातच येत नाहीत. म्हणजे चार उपकेंद्रांनी एकच गोष्ट सांगितली तरी लिहिण्याच्या पद्धतीवरून तालुक्याची सरासरी बदलू शकते. ऑस्लो विद्यापीठातून विकसित होणारी, मुळात वर्णभेदोत्तर दक्षिण आफ्रिकेत घडलेली आणि पुढे अनेक देशांनी व भारतातल्या काही राज्यांनीही वापरलेली ‘डीएचआयएस-२’ ही आरोग्याची माहिती साठवणारी संगणक-प्रणाली मुळच्या मांडणीत शून्य साठवतच नाही. ज्या बाबतीत शून्याला अर्थ आहे तिथे तो साठवावा, असे प्रत्येक घटकापुढे मुद्दाम ठरवून द्यावे लागते. जागा वाचवण्यासाठी केलेली ही सोय तर्काला धरून आहे. तरी एखाद्या जिल्ह्यात नेमका कोणत्या घटकाला शून्याचा अधिकार आहे हे कोणी ठरवले, असे विचारले की बैठकीत शांतता पसरते.

लसीकरण आणि लसीने टळणारे रोग यांवर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दरवर्षी प्रत्येक देशाकडून एक संयुक्त अहवाल-पत्रक भरून घेतात. त्यात शून्य, ‘माहिती नाही’ आणि ‘लागू नाही’ यांना वेगवेगळ्या खुणा आहेत. हा भेद जिनिव्हाला पाळायचा असेल तर तो आधी वस्तीवर पाळला जायला हवा, कारण मधल्या टप्प्यावर तो कुणालाच नव्याने तयार करता येत नाही.

देश-साहाय्य म्हणजे काय

आंतरराष्ट्रीय सार्वजनिक आरोग्यात ‘देश-साहाय्य’ हा स्वतंत्र कामाचा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रादेशिक कार्यालये आहेत. त्यांपैकी आग्नेय आशियाचे नवी दिल्लीत आहे आणि भारतासाठीचे देश-कार्यालयही दिल्लीतच आहे. साहाय्य म्हटले की पैसा किंवा औषधे डोळ्यांपुढे येतात, पण या खात्यातल्या माणसांचा दिवस बराचसा उलट प्रश्न विचारण्यात जातो. हा आकडा गेल्या वर्षीच्या दुप्पट का? लसीकरण १०४ टक्के कसे? अमुक जिल्ह्यातून सलग कित्येक आठवडे निरंक का? त्यासाठी छेदही हवा, म्हणजे एकूण मुले किती हा आकडा. आणि मराठवाड्यापुरता तो अजून २०११ च्या जनगणनेवरून, सुमारे १ कोटी ८७ लाख लोकसंख्येवरून, अंदाजाने पुढे ओढला जातो.

भारतात हे काम सर्वात नेटके झाले ते पोलिओत. १९९७ मध्ये केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प उभारला. त्यातले सर्वेक्षण वैद्यकीय अधिकारी सरकारी व खासगी दवाखाने फिरत, वॉर्डाचे रजिस्टर स्वतः उलगडून बघत आणि त्याच पानावर तारीख-सही करून येत. माहिती देणाऱ्यांत बालरोगतज्ज्ञांच्या बरोबरीने वैदू आणि देवऋषीही धरलेले होते, कारण पाय लुळा पडलेले पोर आधी कुठे नेले जाते हे सगळ्यांना ठाऊक होते.

त्या पद्धतीची खरी करामत मात्र निरंकाची परीक्षा घेण्यात होती. १५ वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की कारण काहीही असो, कळवायचे. १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे, बर्फाच्या डब्यात प्रयोगशाळेला पाठवायचे (महाराष्ट्राचे नमुने परळच्या हाफकिन आवारातल्या एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्रात जात) आणि ६० दिवसांनी मूल पुन्हा पाहायचे. पोलिओ असो वा नसो, गियाँ-बारे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा आजार आणि इतर कारणांनी असा लुळेपणा काही मुलांना येतोच. एक लाख मुलांमागे वर्षाला किमान एक तरी सापडला पाहिजे, आणि जिथे पोलिओ टिकून होता तिथे दोन. जिल्ह्यात आठ लाख मुले असतील आणि वर्षभरात लुळेपणाची दोनच प्रकरणे आली, तर ‘पोलिओ निरंक’ हा दावा बाद. तिथे पोलिओ नाही असे म्हणता येत नाही. तिथे कोणी पाहत नाही इतकेच म्हणता येते. शून्याला साक्षीदार लागतो, आणि इथे तो दुसऱ्या रोगांतून मिळवला.

१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. २७ मार्च २०१४ ला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. मधल्या तीन वर्षांचे निरंक तपासूनच ते प्रमाणपत्र मिळाले. उलट उदाहरण नायजेरियाचे आहे. तिथे जुलै २०१४ नंतर रुग्ण नव्हता आणि सप्टेंबर २०१५ मध्ये देश पोलिओग्रस्त यादीतून बाहेर आला. ऑगस्ट २०१६ मध्ये संघर्षग्रस्त बोर्नो राज्यात रुग्ण सापडले. विषाणूच्या जनुकीय तपासणीवरून तो काही वर्षे तिथे गुपचूप फिरत होता असे दिसले. बोर्नोतल्या अनेक गावांत आरोग्य कर्मचाऱ्यांना जाताच येत नव्हते.

शून्यासाठी इनाम

पोलिओच्या आधीही हा धडा गिरवलेला होता. देवीच्या मोहिमेत घरोघर चित्र दाखवून रुग्ण शोधत, आणि कळवणाऱ्याला इनाम देत. रुग्ण कमी होत गेले तशी इनामाची रक्कम वाढत गेली आणि १९७५ मध्ये ती १,००० रुपयांवर पोचली. आपलाच निरंक खोटा ठरवणाऱ्याला सरकार पैसे देत होते. त्यानंतर एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त असल्याचे मान्य केले.

मराठवाड्याला जास्त जवळचा रोग नारूचा. पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून भरायच्या विहिरी आणि बारवा हे त्याचे घर. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवांमधून अळी पोटात जाई आणि सुमारे वर्षाने पायातून दोरा बाहेर पडे. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. महाराष्ट्र हा नारू असलेल्या राज्यांपैकी एक होता. १९८३-८४ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालला. पाणी गाळून पिणे, पायविहिरींचे रूप बदलणे, पाण्यात टेमेफॉस हे कीटकनाशक टाकणे आणि वर्षातून ठरावीक वेळा घरोघर शोध घेणे ही त्याची कामे होती. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त प्रमाणित झाला. इथेही अट किमान तीन वर्षांच्या शून्याची. आज मराठवाड्यात नारूचा दोरा पाहिलेली माणसे पन्नाशीच्या पुढची आहेत.

मामला, १९९४

आंतरराष्ट्रीय आरोग्याच्या नकाशावर मराठवाडा ठळकपणे आला तो बीड जिल्ह्यातल्या मामला या गावामुळे. ऑगस्ट १९९४ मध्ये तिथे पिसवांचा उपद्रव वाढला, उंदीर पडू लागले आणि काखेत-जांघेत गाठी आलेले तापाचे रुग्ण दिसले. १९६६ नंतर देशात माणसांतल्या प्लेगची खात्रीशीर नोंद नव्हती. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली होती. पडझड झालेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर माजले, असे स्पष्टीकरण तेव्हा दिले गेले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली, लोक शहर सोडून पळाले, काही देशांनी भारताची विमाने बंद केली. नेमका प्लेगच होता का, यावर पुढे बराच वाद झाला.

‘उंदीर पडले’ हा मराठीत प्लेगच्या काळापासून रुजलेला शब्दप्रयोग. म्हाताऱ्यांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. फॉर्म मात्र माणसांच्या रुग्णांचा होता, उंदरांसाठी त्यात जागा नव्हती. त्या वेळचे आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियम १९६९ चे होते आणि त्यांत कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर एवढेच रोग उरले होते. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ते बदलायचे ठरवले. नवे विनियम २००५ मध्ये संमत झाले आणि १५ जून २००७ पासून लागू झाले. त्यांत रोगांच्या यादीपेक्षा घटनेला महत्त्व आहे, आणि आंतरराष्ट्रीय धोक्याची शक्यता ठरली की २४ तासांत कळवायचे बंधन आहे. आजच्या देशी व्यवस्थेतही जनावरांचे अचानक मरणे ‘घटना’ म्हणून कळवता येते. मामल्याच्या उंदरांना रकाना मिळाला तो असा, उशिरा.

रिकाम्या गावाचा निरंक

दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतली कित्येक गावे ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर ती होळीच्या आसपासपर्यंत असतात. मागे म्हातारी माणसे राहतात. या चार-पाच महिन्यांत त्या गावाचा गोवर ‘निरंक’ असतो. तो खोटा नसतो, फक्त मुले तिथे नसतात. फडावरच्या कोपीत पुरळ आलेले मूल तिथल्या उपकेंद्राच्या यादीत नसते आणि आपल्या गावच्या यादीत असूनही दिसत नाही. पल्स पोलिओत फड, वीटभट्ट्या आणि भटक्यांची पाले यांसाठी वेगळ्या फिरत्या टीम ठेवल्या, त्या याच कारणाने.

याच कामगारांतल्या बायकांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. नेमलेल्या समितीसाठी झालेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. त्याआधी हा आकडा कोणी दडवला होता असेही नाही. नेहमीच्या अहवालात ऊसतोड बाईची अशी वेगळी ओळच नव्हती. ज्याला रकाना नाही त्याचा निरंकसुद्धा जात नाही.

कोण कुठे गेले याची त्या भागातली सर्वात नेमकी नोंद आरोग्य खात्याकडे नसते, ती मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत असते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. त्या जोडीचे नाव, घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि कारखाना, एवढे तिथे टिपलेले असते. पाठपुरावा करणाऱ्या आशाताई किंवा आरोग्यसेविका मुकादमाला गाठून ती वही मागतात आणि मग प्रत्येक कोयत्यापुढे हाताने लेकरे लिहीत जातात. मूळ वहीत लेकरांची नावे नसतात. उचल त्यांच्या नावावर मिळत नाही.