दुखापतीनंतर पुन्हा सरळ चालण्यासाठी : ठेका कसा लावायचा

गुडघा किंवा घोटा दुखायचा थांबला तरी लंगडण्याची सवय राहते. दुखऱ्या पायावर वजन कमी वेळ टाकलं जातं आणि ते खेळाडूला जाणवतही नाही. कानाला मात्र लगेच कळतं. बूट घालून फरशीवर चाला : टप-टप... टप-टप... असं ऐकू आलं, तर पावलं अजून सारखी पडत नाहीत.

फिजिओथेरपिस्टनं पूर्ण वजन टाकायची परवानगी दिल्यावरच सुरुवात करा. नेहमीच्या चालीनं चालत 30 सेकंदांतली पावलं मोजून दुप्पट करा. 48 पावलं आली तर मोबाइलवरचा मेट्रोनोम (ठरावीक वेगानं ठोके देणारं अ‍ॅप) 96 वर लावा. एका ठोक्याला एक पाऊल. दोन मिनिटं चाल, एक मिनिट थांबा, असं पाच वेळा. पावलं सारखी वाजू लागली की 5 टक्के वाढवा, म्हणजे 101. घाईनं एकदम 110 वर गेलात, तर पाय ठोक्याच्या मागे पडतो आणि लंगडणं परत येतं.

ग्वाल्हेरात रियाजासाठी तबल्याचं अ‍ॅप बऱ्याच जणांकडे असतं, तेही चालेल. फक्त आठ मात्रांचा केरवा ताल नको, सहा मात्रांचा दादरा लावा. केरव्याचे विभाग पहिल्या आणि पाचव्या मात्रेला सुरू होतात, त्यामुळे दर वेळी तोच पाय पडतो. दादऱ्यात पहिली आणि चौथी, म्हणून पाय आलटून पालटून येतात.

धावणाऱ्यांनी मिनिटाला 160 पावलं असतील तर 168 करावीत, पण वेग तोच ठेवून. पाऊल आखूड पडतं, टाच फार पुढे टेकत नाही, गुडघ्यावरचा भार उतरतो. मैदानावर ठोक्यासोबत वेगही वाढतो आणि फायदा जातो; म्हणून आधी ट्रेडमिल.

टाचा उचलण्याच्या व्यायामाला ठोका 60 : तीन मोजून वर, तीन मोजून खाली. ठोका नसला की खाली येताना घाई होतेच.

आवडती जलद गाणी सुरुवातीच्या आठवड्यांत लावू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांच्या भरात दुखणं विसरायला होतं. 10 पैकी 3 च्या वर दुखलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढली, तर आधीच्या ठोक्यावर या. बर्फ लावून पडल्यावर मात्र विलंबित ख्याल जरूर ऐका, श्वास आपोआप संथ होतो.

डोक्याला मार लागून आवाज सहन होत नसेल, तर इअरफोन पूर्ण बंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या रस्त्यांवर हा सराव करू नका. गच्ची किंवा मैदान बरं.

आमच्याकडे पहिल्या भेटीला रोजचेच बूट घालून या.