पडक्या किल्ल्याची भिंत: सिमेंटमार्गे पुन्हा चुन्याकडे

मध्ययुगीन किल्ल्याची भिंत अखंड दगडी वाटते, पण तशी ती क्वचितच असते. दोन्ही अंगांना चिरे आणि मध्ये दगडगोटे व चुन्याची भर, अशी तिची बांधणी. माथ्याचे दगड गेले की पाणी थेट या भरीत उतरते. चुना धुपतो, थंडीत मुरलेले पाणी गोठून फुगते. भिंतीला पोट सुटते आणि एखाद्या दिवशी बाहेरचा थर कोसळतो.

अशा अवशेषांचे करायचे काय, यावर एकोणिसाव्या शतकात युरोपात मोठा वाद झाला. फ्रान्समध्ये वास्तुविशारद व्हायोले-ल-ड्यूक यांनी पिएरफाँचा पडका किल्ला सम्राट तिसऱ्या नेपोलियनसाठी जवळजवळ नव्याने उभा केला. इंग्लंडमध्ये लेखक-कलाकार विल्यम मॉरिस यांनी अशा नूतनीकरणाविरुद्ध १८७७ मध्ये संस्थाच काढली. जर्मनीत हायडेलबर्गच्या किल्ल्यावरून वाद पेटला तेव्हा कला-इतिहासकार गेओर्ग देहिओ ठामपणे म्हणाले, जतन करा, पुन्हा बांधू नका. मला त्यांचेच पटते. कल्पनेने भरलेली भिंत इतिहास सांगत नाही.

ब्रिटनमध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठीच्या १९१३च्या कायद्यानंतर सरकारने अनेक भग्न किल्ले ताब्यात घेतले. आयव्हीच्या वेली काढल्या, सैल दगड पुन्हा बसवले, ढासळणाऱ्या भिंतींना आतून आधार दिला. भिंती आहेत तशाच ठेवण्याचे धोरण उत्तम होते. घात केला तो सिमेंटने. १८२४ मध्ये पेटंट मिळालेले पोर्टलंड सिमेंट तोवर हाताशी होते, ते लवकर घट्ट होई आणि पक्के वाटे.

पण मऊ दगडाच्या दरजांमध्ये कडक सिमेंट भरले की भिंतीतला ओलावा दरजांतून बाहेर पडू शकत नाही, तो दगडातून वाट काढतो. सोबतचे क्षार दगडाच्या पृष्ठभागापाशी साचून स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. काही दशकांनी अशा भिंतीवर हात फिरवला तर दगड आत गेलेले आणि सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या लागतात. चुन्याच्या दरजा याउलट स्वतः झिजतात, दगड वाचवतात आणि पुन्हा भरताही येतात.

वास्तूंच्या जतनाची तत्त्वे ठरवणाऱ्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने जीर्णोद्धाराची मर्यादा आखली: तर्क सुरू झाला की काम थांबले पाहिजे. त्यानंतरच्या दशकांत चुनाही परत आला. १९९०च्या दशकात इंग्लंडमधल्या विगमोर किल्ल्यावर वेगळाच प्रयोग झाला. भिंतींच्या माथ्यावरची माती आणि गवत साफ करण्याऐवजी जपून उचलले, खालचे दगड चुन्यात पक्के केले आणि तेच गवत पुन्हा वर अंथरले. हे हिरवे आच्छादन पावसाचे पाणी शोषते आणि थंडीचा कडाका भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही.