पार्श्वभूमी : बँटमवेट म्हणजे नेमके किती किलो?

बँटमवेट हे एमएमए, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्समधल्या एका वजनगटाचे नाव, पण त्याचे किलो सगळीकडे सारखे नाहीत. आशियात हा खेळ रुजला तो जपानमध्ये, १९८० च्या दशकात, तिथल्या तमाशेवजा व्यावसायिक कुस्तीला कंटाळलेल्यांमुळे. १९९७ ते २००७ हा तिथल्या ‘प्राइड’ या स्पर्धेच्या भरभराटीचा काळ. पहिली फेरी दहा मिनिटांची आणि खाली पडलेल्याला लाथ घालायची मुभा. पैसा मात्र टीव्हीवर उभा होता. २००६ मध्ये गुंडटोळ्यांशी लागेबांध्यांच्या आरोपांवरून वाहिनीने हात काढला आणि पुढच्याच वर्षी तो पसारा अमेरिकी मालकांनी विकत घेतला. २०११ पासून आशियातली सूत्रे सिंगापूरच्या ‘वन चॅम्पियनशिप’कडे. २०१२ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात आपल्याकडेही देशी लीगचा पिंजरा उभा राहिला.

खरा घोळ नंतरचा. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलातल्या लढतीआधी वजन तोडताना (गटात बसण्यासाठी अंगातले पाणी काढून वजन उतरवताना) २१ वर्षांचा चिनी खेळाडू दगावला. पद्धत जुनीच: शेवटच्या दिवशी सॉना, गरम पाण्याचा टब, घाम काढणारा सूट, काटा (वजनमोजणी) झाला की लढतीपर्यंत पाणी पिऊन वजन परत भरायचे. रक्त दाट होते, घाम थांबतो, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही.

सिंगापूरच्या आयोजकांनी त्यानंतर काट्याला लघवीची चाचणी जोडली. रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावर लघवीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तिचा दाटपणा, १.०२५ च्या आत हवे. चाचणीपुरते पाणी ढोसावे, तर लिटरमागे एक किलो काट्यावर चढतो. म्हणून वजन आणि चाचणी दोन्हींत एकदमच पास व्हावे लागते. चोरवाटा उरतातच: आधी सुकवलेल्या शरीरात ऐनवेळी पाणी गेले की पेशी कोरड्या असतानाही लघवी पातळ येऊ शकते. कुस्तीने २०१८ पासून दुसरा उपाय धरला, लढतीच्या दिवशी सकाळी वजन. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगटला बाद करणारे १०० ग्रॅम त्याच काट्यावरचे.

पण सिंगापूरने पाणी न तोडलेल्या शरीरांसाठी मर्यादा वाढवल्या आणि गटांची नावे तीच ठेवली. अमेरिकी नियमांत बँटमवेट ६१.२ किलो, सिंगापूरच्या नियमांत ६५.८. अमेरिकेचे ६१.२ सिंगापूरकडे फ्लायवेट, म्हणजे बँटमच्या खालचा गट. सुधारणा चांगली, नामकरण आळशी. याला नुसती नावांची सरकवासरकवी म्हणणारेही आहेत. ते चाचणी विसरतात.

मुंबईत जोडी लावताना याचा फटका बसतो. ‘बँटमवेट’ एवढ्यावर सौदा झाला, तर एकाच्या मनात ६१ असतात, दुसऱ्याच्या ६६, आणि हे काट्यापाशी उघड होते. करारात किलो दशांशासकट, वजनाची वेळ आणि वजन ते लढत यांतले तास लिहावेत. गटाचे नाव पोस्टरपुरते.