बोर्डिंग (महाराष्ट्र)

परगावी शिकायला आलेल्या गरीब मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय फुकट किंवा नाममात्र पैशात करणारे, मुख्यतः लोकांच्या देणगीवर उभे राहिलेले वसतिगृह म्हणजे बोर्डिंग. शब्द इंग्रजीतला असला, तरी मराठी मुलखात त्याचा अर्थ जवळजवळ उलटा झाला. पाचगणीच्या ‘बोर्डिंग स्कूल’मध्ये पैसेवाल्यांची मुले जातात, ‘मी बोर्डिंगात राहून शिकलो’ असे सांगणारा माणूस मात्र घरच्या गरिबीविषयी बोलत असतो. कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाशिक, अमरावती अशा गावांत विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अशी बोर्डिंगे निघाली आणि शेतकरी, कारागीर व अस्पृश्य मानलेल्या जातींची पहिली शिकलेली पिढी बरीचशी तिथूनच बाहेर पडली.

शिक्षणाचा खर्च म्हटले की आज फी आठवते. त्या काळी खेड्यातल्या मुलाची खरी अडचण फीची नव्हती. गावात शाळा असलीच तर ती प्राथमिक, पुढचे शिकायचे तर तालुक्याला किंवा संस्थानाच्या राजधानीला जायचे. तिथे हुशार मुलाला नादारी मिळून फी माफ होई. पण दोन वेळचे जेवण कोण घालणार आणि रात्री पथारी कुठे टाकायची, या दोन प्रश्नांपाशी बहुतेकांची शाळा सुटे. बोर्डिंगचा उगम या दोन प्रश्नांत आहे, म्हणून त्याचा इतिहास वर्गापेक्षा स्वयंपाकघरातून नीट समजतो.

बोर्डिंगच्या आधी दोन सोयी रूढ होत्या : माधुकरी आणि वार. माधुकरी मागणारा मुलगा झोळी घेऊन ठरावीक घरांसमोर उभा राही आणि मिळेल ते शिजलेले अन्न घेऊन येई. वार लावून जेवणाऱ्याची सात दिवसांसाठी सात घरे ठरलेली असत : सोमवारी एका वकिलाकडे, मंगळवारी एका मास्तरांकडे, असे. एखाद्या घरी सुतक आले किंवा मंडळी गावाला गेली, की त्या दिवशी उपास. पुण्यात १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचा (आजचे पुणे विद्यार्थी गृह) सुरुवातीचा काळही माधुकरीवरच गेला. या प्रथांनी अनेकांचे शिक्षण पार पडले, हे खरेच. मात्र त्या सोवळ्या-ओवळ्याच्या चौकटीत बसणाऱ्या, म्हणजे बहुतांशी ब्राह्मण मुलांसाठीच होत्या. कुणब्याच्या पोराला वार कोण देणार? आणि महाराच्या पोराला तर ज्या ओसरीवर जेवायचे तिची पायरीही चढता येत नव्हती. वारावर शिकलेल्यांच्या हलाखीच्या आठवणी मराठीत पुष्कळ आहेत. ज्यांना वारही मिळाला नाही त्यांच्या आठवणी मात्र फारशा नाहीत, कारण ते शिकलेच नाहीत.

रयतेच्या करातून शाळा चालतात आणि त्यांचा लाभ वरच्या जातींना होतो, अशी तक्रार महात्मा फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे (इंग्रज सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे) केलेल्या निवेदनात मांडली होती. मागे राहिलेल्या जातींच्या मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे देऊन शाळेकडे ओढावे, असेही त्यांनी सुचवले होते. त्याआधी, १८७७ च्या दुष्काळात, धनकवडीला निघालेल्या बालाश्रमाशी ते निगडित होते. तिथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांना जेवू घातले जाई. पण ती आपत्तीपुरती सोय होती. वर्षानुवर्षे चालेल अशी व्यवस्था उभी राहायला पुढची वीसेक वर्षे गेली.

ती उभी राहिली कोल्हापुरात. छत्रपती शाहू महाराजांनी आधी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले होते. दार सर्वांना उघडे होते, पण आत राहिले ते ब्राह्मण विद्यार्थीच. त्यातून महाराजांनी वेगळा मार्ग धरला : प्रत्येक समाजाचे स्वतंत्र बोर्डिंग. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगचा पाया घातला गेला, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले आणि त्याच्या आगेमागे लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत अशी रांगच लागली. मिस क्लार्क म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांची मुलगी. तिचे नाव दिले की सरकारदरबारी वजन पडते, हे महाराजांना पक्के ठाऊक होते. दरबार जागा, इमारत किंवा वार्षिक अनुदान देई. बाकीचा पैसा आणि रोजचा कारभार त्या त्या समाजाने पाहायचा, अशी वाटणी होती. कोल्हापूरला ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते यामुळे.

जातवार बोर्डिंगांवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. जात मोडायची म्हणणाऱ्या राजाने जातीच्या नावाने इमारती का बांधाव्यात? आक्षेप रास्त वाटतो, पण त्यात एक गोष्ट सुटते. देणगी मागायला माणूस आधी आपल्या माणसांकडे जातो. गावोगावचा पाटील मराठा बोर्डिंगला पोते देई, पेठेतला जैन व्यापारी जैन बोर्डिंगला पैसे देई. एकत्र बोर्डिंगला त्या काळी दोघांनीही हात आखडता घेतला असता. पैशाच्या अंगाने ही योजना बिनचूक होती. तिची किंमत स्वयंपाकघरात मोजावी लागली, कारण चुली वेगळ्याच राहिल्या.

कोल्हापूरचे लोण लवकरच इतरत्र पसरले. नाशिकला १९१४ च्या सुमारास उदोजी मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यातून पुढे मराठा विद्या प्रसारक समाजाचा मोठा पसारा उभा राहिला. अमरावतीला पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. बार्शीला मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ मध्ये श्री शिवाजी बोर्डिंगपासून सुरुवात केली. या तिन्ही ठिकाणी क्रम सारखाच आहे : आधी बोर्डिंग, मागून शाळा, त्यानंतर कॉलेज. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही (स्थापना २० जुलै १९२४) हाती घेतलेल्या पहिल्या कामांत वसतिगृह होते. सोलापूरला ४ जानेवारी १९२५ रोजी ते सुरू झाले. मुलांचे जेवण, कपडे आणि वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला, तर सोलापूर नगरपालिकेने त्यासाठी महिना ४० रुपये मंजूर केले.

वेगळ्या चुलींचा प्रश्न ज्याने ऐरणीवर आणला, तो माणूस स्वतः बोर्डिंगातलाच होता. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर ‘आंघोळ करून मगच आत ये’ असा हुकूम झाला, त्यांनी तो मोडला आणि बोर्डिंग सोडले, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांत येते. पुढे १९१० च्या सुमारास दुधगावला सर्व जातींच्या मुलांसाठी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर आश्रम काढला, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. साताऱ्याच्या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एकाच पंगतीला बसत. स्वयंपाकाच्या पाळ्याही सर्वांना असत. नुसते एकत्र जेवण्यापेक्षा ही पुढची पायरी होती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहाला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नाव दिले.

या पंगतीमागे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. सोवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या या बाई सर्व जातींच्या पोरांचे दुखणेखुपणे पाहत. कोठीतले धान्य संपले तेव्हा एकेक दागिना गेला आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या वारल्या. संस्थेच्या गौरवग्रंथांत हा प्रसंग त्यागाची गोष्ट म्हणून येतो, पण तो हिशेबाची गोष्ट म्हणूनही वाचावा : लोकांच्या दानावर चालणाऱ्या बोर्डिंगात तूट पडली की ती भरून काढायला चालकाचे घरच असे.

अशी तूट येऊ नये म्हणून निघालेली युक्ती म्हणजे मुष्टिफंड. बोर्डिंगकडून घरोघरी एक मडके किंवा डबा ठेवला जाई. घरच्या बाईने दळायला बसताना किंवा पीठ मळायला घेताना त्यातले मूठभर धान्य किंवा पीठ डब्यात टाकायचे आणि आठवड्याने मुलांनी पोते घेऊन ते गोळा करायचे. रोख पैसा हाती नसलेल्या घरालाही हे दान परवडे, आणि विशेष म्हणजे ते बाईच्या हातचे होते. त्यासाठी घरधन्याला विचारावे लागत नसे. सुगीच्या दिवसांत बैलगाडी घेऊन खळ्याखळ्यांवर फिरायचे, ज्वारी-बाजरी, शेंगा, गूळ मिळेल ते भरून आणायचे आणि वर्षाची बेगमी करायची, हा बोर्डिंगच्या चालकांचा दुसरा उद्योग. जुन्या बोर्डिंगांच्या जमाखर्चात म्हणूनच रुपयांच्या शेजारी पोती आणि पायल्या (धान्याची मापे) दिसतात.

आतले जगणे साधारण एकाच ठशाचे. पहाटेची घंटा, थंड पाण्याची आंघोळ, प्रार्थना, अभ्यास. सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, वळकटी, आणि खिळ्याने नाव कोरलेले ताट-वाटी-तांब्या. नाव कोरले नाही तर वाटी आठवडाभरही टिकत नसे. जेवणात भाकरी, पातळ आमटी, क्वचित भाजी. भाकऱ्या मोजून मिळत आणि आमटीच्या तळाला हात घालणाऱ्या वाढप्याची दोस्ती करून ठेवावी लागे. कोठीची किल्ली रेक्टरकडे किंवा एखाद्या थोराड विद्यार्थ्याकडे असे. रयतमध्ये याला अंगमेहनतीची जोड होती : शेतात खणणे, झाडांना पाणी घालणे, बांधकामावर दगड वाहणे. ‘कमवा आणि शिका’ ही पुढे विद्यापीठांतही रूढ झालेली योजना याच धाटणीची. १९४० मध्ये साताऱ्याला निघालेले महाराजा सयाजीराव विद्यालय हे याच तत्त्वावरचे मोफत निवासी हायस्कूल होते.

बोर्डिंगात जागा मिळाली नाही किंवा जेवणाची सोय नसली, तर खोली घेऊन राहणाऱ्या मुलांसाठी आणखी एक मार्ग निघाला. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली आणि पुढच्या काही दशकांत गाडी गावोगाव पोचली. मग गावाकडून सकाळच्या गाडीने जेवणाचे डबे येऊ लागले. भाकरी फडक्यात बांधलेली, डब्यावर ऑइलपेंटने मुलाचे नाव आणि गाव. स्टँडवर मुले गाडीची वाट पाहत थांबत. गाडी चुकली किंवा बंद पडली की शेजारच्याच्या डब्यात हात. बिनपैशाची ही सेवा कोणत्याही संस्थेच्या नावावर नाही. घरची बाई, ड्रायव्हर, कंडक्टर यांच्यावर ती वर्षानुवर्षे चालली.

मुलींकडे ही चळवळ उशिरा वळली. धोंडो केशव कर्वे यांचा १८९६ मध्ये निघालेला आणि पुढे हिंगण्याला गेलेला आश्रम विधवांसाठी होता. गरीब शाळकरी मुलीला परगावी ठेवून शिकवायला घरचे लोक तयार नसत आणि देणगीदारांनाही ते प्रथम सुचत नसे. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळू लागल्यावर (अहिल्याबाई होळकर योजना) बोर्डिंगाविनाच अनेकींचे हायस्कूल पुरे झाले.

स्वातंत्र्यानंतर सरकारने खर्चाचा वाटा उचलला. १९५९ पासून आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना ‘ई.बी.सी.’ म्हणून फीमाफी मिळू लागली. समाजकल्याण खात्याने अनेक जुन्या बोर्डिंगांना अनुदान सुरू केले आणि सरकारी वसतिगृहेही काढली. अनुदानाबरोबर मंजूर विद्यार्थीसंख्या, हजेरीपट आणि तपासणी आली; मुष्टिफंडाची मडकी गेली. अधीक्षक आणि स्वयंपाकी तुटपुंज्या मानधनावर राहिले, ही तक्रार अजून मिटलेली नाही. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्यासाठी थेट बँक खात्यात पैसे देणारी स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. हप्ता परीक्षेनंतर आला, तर मेसवाला थांबत नाही.

लोकवर्गणीची जुनी पद्धत नव्या रूपात टिकली ती पुण्यात. डॉ. अच्युत शंकर आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातून पुण्याला येणाऱ्या गरजू महाविद्यालयीन मुला-मुलींची वसतिगृहे चालवते. इथे शिकून गेलेले माजी विद्यार्थीच पुढे देणगीदार आणि कार्यकर्ते होतात. आयकर खात्याची मान्यता असलेल्या अशा न्यासांना देणगीदाराला करसवलतीची पावती देता येते. सुगीच्या फेरीची जागा आता मार्चअखेरीच्या फोनांनी घेतली आहे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलांना सरकारी शाळेत फी नाही, पुस्तके मिळतात, दुपारचे जेवणही मिळते. तरी बीड, नगर, जळगाव या भागांतले ऊसतोड मजूर दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांवर निघाले, की मुलाला गावात कोणापाशी ठेवायचे, हा शंभर वर्षांपूर्वीचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्यासाठी गावच्या शाळेतर्फे हंगामापुरती वसतिगृहे चालवली जातात. बऱ्याच ठिकाणी त्यांना इमारत नसते : शाळेच्याच खोलीत किंवा आजीकडे झोपायचे आणि सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवायचे. आईवडील उसाच्या फडातून परत आले, की हे बोर्डिंग पुढच्या हंगामापर्यंत बंद.